प्रश्न कुठलाही असो, उत्तर तेच

उभे राहा. हो, सगळे. बँकेत साहेब झालात म्हणून आपल्या जुन्या मास्तरापुढे रेलून बसायची मुभा मिळाली, असं कुणी समजू नये.

तुमच्यातले काही मुख्यालयात धोरण विभागात आहेत, काही कम्प्लायन्सला, काही रिटेल कर्जांच्या विभागात. रिझर्व्ह बँक ग्राहकांसाठी एखाद्या नव्या नियमाचा मसुदा जाहीर करते, हरकती-सूचनांसाठी काही आठवडे देते, आणि मग तुमच्या टेबलावरून उत्तर जातं. कधी एकट्या बँकेच्या नावानं, कधी सगळ्यांचं मिळून इंडियन बँक्स असोसिएशनमार्फत. ही संस्था १९४६ सालची. एवढ्या वर्षांत तुमच्या जमातीला निदान उत्तर लिहायला तरी यायला हवं होतं. येत नाही. प्रश्न बदलतो, उत्तर बदलत नाही. खर्च वाढेल आणि तो शेवटी ग्राहकाच्याच माथी बसेल. लहान माणसाला कर्ज मिळणं अवघड होईल. आणि सिस्टीम बदलायला मुदत द्या. एवढं झालं की खाली सही.

यातलं मधलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. लहान माणूस. शाखेत आला तर ज्याला तुम्ही तीन खिडक्या फिरवता, तो मसुद्याला उत्तर देताना मात्र तुमचा फार लाडका होतो. त्याला पुढे उभं करायचं आणि मागून आपला नफा राखायचा. हे किती वर्षं चालायचं? आज आपण हिशेबच करू.

कर्जाचा व्याजदर घ्या. २०१० च्या जुलैत बेस रेट आला, कारण आधीच्या बीपीएलआर पद्धतीत कुणाला कोणत्या दरानं कर्ज दिलं याचा पत्ता लागत नव्हता. बेस रेटही नीट चालेना म्हणून २०१६ च्या एप्रिलपासून एमसीएलआर आला. सूत्र रिझर्व्ह बँकेनं दिलं, आकडे भरायचं काम तुमच्याकडे. काय केलंत? २०१७ साली जनक राज यांच्या अभ्यासगटानं तुमच्या वह्या तपासल्या. ठेवींवरचा खर्च उतरला तरी बेस रेट जागचा हलला नाही. निधीचा खर्च चुकीच्या पद्धतीनं मोजला. दर खाली येतोय असं दिसल्यावर भांडवलावरच्या परताव्याचा आकडा फुगवला. सूत्रात नसलेले नवे घटक घातले, म्हणजे हवं ते उत्तर येईल. हे मी म्हणत नाही, त्या अहवालात आहे. शाळेतलं पोर उत्तर आधी ठरवून मग गणित मांडतं, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो? तुम्हीच सांगा.

त्या गटानं सुचवलं की दर बँकेच्या हातात ठेवूच नका, बाहेरच्या मापाला बांधा. रेपो दर असेल, सरकारी ट्रेझरी बिलांचा दर असेल. यावर तुमचं म्हणणं असं की आमच्या ठेवी काही रेपोशी बांधलेल्या नाहीत, मग कर्जं कशी बांधायची? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मान्य. एफडीवरचं व्याज वर्षभर तेच राहतं आणि कर्जाचं खाली येतं, मधला फरक बँकेला सोसावा लागतो. पण मग तो फरक किती, किती दिवसांचा, कोणत्या खात्यांवर, हे मांडायला कुणी अडवलं होतं? २०१८ च्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की १ एप्रिल २०१९ पासून हे लागू. एप्रिल उजाडला तेव्हा ते पुढे ढकललं गेलं, आणखी चर्चा करायची म्हणून. शेवटी ४ सप्टेंबरला परिपत्रक निघालं आणि १ ऑक्टोबरपासून बदलत्या दराची नवी किरकोळ कर्जं बाहेरच्या मापाला बांधली गेली.

तो मधला सहा महिन्यांचा काळ कसला होता, आठवतं? २०१९ च्या फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत रेपो चार वेळा उतरला, ६.५० वरून ५.४० वर. एमसीएलआरच्या रचनेतून ही घट कर्जदारापर्यंत समाधानकारक पोचली नाही, असं खुद्द त्या परिपत्रकात लिहिलंय. दर उतरत होते नेमके तेव्हाच तुम्हाला विचार करायला वेळ हवा होता.

फळ्यावर गणित घालतो. तीस लाखांचं गृहकर्ज, वीस वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता २६,९९२ रुपये, साडेआठ टक्क्यांनी २६,०३५. अर्ध्या टक्क्याच्या चालढकलीनं दरमहा साडेनऊशेहून जास्त, वर्षाला साडेअकरा हजारांच्या घरात. एका घराचे. तुमच्या उत्तरात ‘ग्राहकांवर परिणाम’ असा मथळा असतो ना? त्याखाली हा आकडा मला कधी दिसला नाही.

आणि मग वारं फिरलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून साडेसहावर गेला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आमच्या ठेवी रेपोशी बांधलेल्या नाहीत, थोडं थांबू. दर तडातडा चढले. हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली गेली. निवृत्तीच्या आधी कर्ज फिटेल असं ज्यांनी धरलं होतं, त्यांना ते निवृत्तीनंतरही फेडायचं आहे हे ॲप उघडल्यावर कळलं. त्याच २०२२-२३ सालात सरकारी बँकांचा एकत्रित नफा पहिल्यांदा एक लाख कोटींच्या वर गेला. नफा झाला याचं मला दुःख नाही, आधीची कितीतरी वर्षं या बँका तोट्यात रुतल्या होत्या. पण नियमानं बँका बुडतील अशी जी चित्रं तुम्ही रंगवली होती, ती आता कुठल्या कपाटात ठेवलीत? अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला लिहून द्यावं लागलं की दर बदलला तर कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला विचारा, स्थिर दरावर जायची वाट ठेवा. विचारा! हे सांगायला परिपत्रक लागतं?

आता ‘सिस्टीम’कडे येतो. मागच्या रांगेतले, हसू नका, हे तुमच्याबद्दलच आहे. हप्ता चुकला की तुम्ही दंडव्याज लावायचात, म्हणजे व्याजावर आणखी व्याज, आणि ते मुद्दलात मिसळून पुन्हा व्याज. एप्रिल २०२३ मध्ये मसुदा आला, १८ ऑगस्टला अंतिम नियम: दंड घ्या, पण वाजवी आणि शुल्क म्हणून, त्यावर व्याज चढवू नका. दंड शिस्त लावण्यासाठी आहे, कमाईसाठी नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं. १ जानेवारी २०२४ पासून लागू व्हायचं होतं. डिसेंबर संपता संपता मुदत वाढवून मिळाली: नव्या कर्जांना १ एप्रिल, जुन्यांना ३० जूनपर्यंत. कारण? काही संस्थांना आपल्या संगणक प्रणालीत बदल करायला जास्त वेळ हवा होता. रेपो वाढल्यावर हीच प्रणाली लगेच बदलते. घ्यायचं असतं तेव्हा संगणक चपळ, सोडायचं असतं तेव्हा तोच म्हातारा. मी संगणक शिकवला नाही, पण एवढं मलाही कळतं.

मुदतपूर्व परतफेडीचा दंड हाही असाच. बँकांच्या ग्राहकसेवेचा आढावा घेणाऱ्या दामोदरन समितीनं सांगितलं होतं की हा दंड म्हणजे कर्जदाराला स्वस्त बँकेकडे जाऊ न देण्याची युक्ती आहे. जून २०१२ मध्ये बदलत्या दराच्या गृहकर्जांवर तो बंद झाला, मे २०१४ मध्ये व्यक्तींच्या बदलत्या दराच्या इतर मुदत कर्जांवरही. गृहकर्जाचा धंदा त्यानं बसला का? आज स्टेशनबाहेर तुमचीच पोरं ‘बॅलन्स ट्रान्सफर’ची पत्रकं वाटत उभी असतात. तरी छोट्या उद्योजकांच्या कर्जांवरचा दंड काढायला जुलै २०२५ उजाडलं, आणि तोही १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांपुरता. इचलकरंजीतल्या मागवाल्याला अकरा वर्षं थांबावं लागलं, ती का, हे त्याला समजावून सांगाल का?

अमेरिकेतलं एकच सांगतो, फार लांब जात नाही. तिथं २००९ मध्ये क्रेडिट कार्डांच्या शुल्कांवर कायद्यानं लगाम घातला. उद्योगाची हाकाटी हीच की व्याज वाढेल, कार्डं मिळेनाशी होतील. पुढे अर्थतज्ज्ञांनी प्रचंड संख्येनं खाती तपासली, तर शुल्कं घटली होती आणि व्याज वाढल्याचा किंवा कर्ज आटल्याचा पुरावा मिळाला नाही. तो अभ्यास २०१५ साली छापून आलाय. वाचलात? नसेलच वाचला.

लहान माणसाची तुम्हाला एवढी काळजी, तर किमान शिल्लकेचं काय? खात्यात पैसे नाहीत म्हणून पैसे कापायचे. गरीब माणसाला गरीब असण्याबद्दल दंड, यापलीकडे त्याला दुसरं नाव नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेला बजावावं लागलं की दंड जेवढी तूट तेवढ्याच प्रमाणात घ्या आणि दंडापायी खातं उणे करू नका. तरी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या एका नावाखाली साडेआठ हजार कोटींच्या आसपास गोळा केले, हा आकडा संसदेत दिलेला आहे. स्टेट बँकेनं मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरची ही अट काढून टाकली. देशातली सगळ्यात मोठी बँक, आणि तिला झेपलं. बाकीच्यांना का झेपत नव्हतं, याचं उत्तर मला हवंय. ‘खर्च वाढतो’ हे उत्तर नाही.

ऑनलाइन फसवणुकीचा नियम तर तुम्ही आजही अर्धाच सांगता. ऑगस्ट २०१६ ला मसुदा, ६ जुलै २०१७ ला नियम. तिसऱ्याच कुणी गडबड केली आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यावर दाखवायची. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. आणि शाखेत काय ऐकू येतं? “ओटीपी तुम्हीच दिला असेल, आजोबा.” झाली चौकशी! ग्राहक अशानं बेफिकीर होईल अशी धास्ती तुम्हाला होती. बेफिकीर कोण झालं ते दिसतंच आहे.

आता मी नुसता झोडपतोय असं नको व्हायला. योग्य हरकत कशी असते तेही पाहा. एप्रिल २०२५ मध्ये सोनेतारणाचा मसुदा आला. घरगुती गरजेच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांची मर्यादा, व्याज धरून. वर कर्जदाराची परतफेडीची कुवत तपासायची. पेरणीच्या तोंडावर पाटल्या घेऊन आलेल्या बाईची कुवत कोणत्या कागदावर तपासणार? तिच्याकडे ना पगाराची पावती, ना विवरणपत्र, म्हणून तर ती पाटल्या घेऊन आली. ओरड झाली आणि ती रास्त होती. अर्थ मंत्रालयानंही सुचवलं की दोन लाखांपर्यंतच्या कर्जदारांना वगळा. ६ जूनला अंतिम नियम आला तेव्हा अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० टक्के, आणि अडीच लाखांपर्यंत कुवतीची सविस्तर तपासणी नको. पाहिलंत? कुणाचं नुकसान, कोणत्या कलमानं, किती रकमेपर्यंत, हे सांगितलं की रिझर्व्ह बँक ऐकते. तिलाही सगळं कळतं असं नाही. म्हणूनच तर ती विचारते.

पण विचारते कुणाला? मसुदा येतो इंग्रजीत, फार तर हिंदीत. कलमं, उपकलमं, तळटिपा. परभणीचा शिक्षक, चिपळूणची मेसवाली, सोलापूरचा टेम्पोवाला यांना तो आल्याचंही कळत नाही. त्यांच्यावर नियम होतो आणि त्यांच्या वतीनं उत्तर तुम्ही देता, ज्यांच्यापासून त्यांना वाचवायचंय ते तुम्ही. याची थोडी तरी लाज लेखणीला वाटू द्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जाला मुख्य माहितीचं पत्रक देणं बंधनकारक आहे: वार्षिक खर्चाचा खरा टक्का, सगळी शुल्कं, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत, समजावून सांगून. त्यात न लिहिलेलं शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. तुमच्या किती शाखांत ते पत्रक मराठीत मिळतं? मला आकडा सांगू नका, आकडे तुम्ही कसे बनवता ते पाहिलंय. शाखेत जा, काउंटरवर मागा, आणि मिळालं तर घेऊन या.

पुढचा मसुदा आला की उत्तर लिहिण्याआधी गेल्या पाच उत्तरांची फाईल काढायची. आपण काय होईल म्हणालो होतो आणि काय झालं, हे समोरासमोर लिहायचं. ‘लहान कर्जदार’ हा शब्द वापरायचा असेल तर त्याच ओळीत त्याची संख्या आणि त्याला पडणारे रुपये लिहायचे, नाहीतर शब्द खोडायचा. मुदत मागायची असेल, तर मागच्या दरवाढीला प्रणाली किती दिवसांत बदलली होती ते शेजारी लिहायचं. आणि उत्तर रिझर्व्ह बँकेकडे गेलं त्याच दिवशी त्याची मराठी प्रत आपल्या प्रत्येक शाखेच्या फलकावर लावायची, पासबुक छापायच्या यंत्राशेजारी. ज्याच्या नावानं गळा काढलात, त्याला वाचू दे त्याच्यासाठी काय मागितलंत ते. लावाल? सोमवारपर्यंत कळवा.