गुण आला, पण कशाने?

शरीरात जीवनसत्त्वाची कमतरता निघाली की डॉक्टर आहार, गोळी आणि इंजेक्शन असे तीन मार्ग सांगतात. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे : दंडावर किंवा पोटावर चिकटवायचा पॅच. बी-१२, ड जीवनसत्त्व, कधी दहा-बारा जीवनसत्त्वे एकत्र भरलेली ही पट्टी त्वचेवाटे औषध शरीरात सोडते, असा विक्रेत्यांचा दावा असतो. सुई टोचून घ्यायला नको, गोळी गिळायला नको. ज्याला इंजेक्शनची धास्ती वाटते किंवा ज्याला गोळ्या सोसत नाहीत, त्याला हा उपाय हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पॅच लावणारी कित्येक माणसे मनापासून सांगतात, ‘मला गुण आला’, आणि पुढे म्हणतात, ‘करून बघायला काय हरकत आहे?’ बोलणे वैद्यकाचे वाटते, पण त्याच्या तळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे : स्वतःला आलेला अनुभव हे ज्ञानाचे प्रमाण आहे का, आणि असेल तर कशाचे? माझे म्हणणे असे की, गुण आल्याचा अनुभव हा बरे वाटल्याचा खरा पुरावा असतो. अमुक उपायाने बरे वाटले याचा पुरावा तो आपोआप होत नाही. आणि जो आजार माणसाला बरे वाटत असतानाही आत वाढत राहू शकतो, त्या आजारात हा भेद दृष्टीआड करणे हा नीतीचाही प्रश्न होतो.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यासारख्या ठिकाणी चटकन ध्यानात येते. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, केळापूर तालुक्याचे हे मुख्य गाव कापसाच्या पट्ट्यात आहे. आसपास कोलामांचे पोड आणि गोंडांच्या वस्त्या आहेत. इथे कुणी ‘अशक्तपणा आहे’ म्हणाले तर त्यामागे अनेक कारणे असू शकतात. लोहाची कमतरता असू शकते, विदर्भातल्या अनेक समाजांत आढळणारा सिकलसेल असू शकतो, जंत, हिवताप, अपुरे जेवण किंवा वेचणीच्या हंगामातले ढोर कष्ट असू शकतात, आणि बी-१२ची कमतरताही असू शकते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या किशोरवयीन मुलामुलींपैकी ३१ टक्क्यांमध्ये बी-१२ची आणि २४ टक्क्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. म्हणजे कमतरता खरी आहे आणि मोठीही आहे. पण तक्रार एक आणि कारणे अनेक असतील, तर तक्रार कमी झाली एवढ्यावरून कोणते कारण दूर झाले हे कळत नाही. वेचणी संपून विश्रांती मिळाली, घरात दूध-अंडी येऊ लागली, ताप उतरला, यांपैकी काहीही त्याच महिन्यात घडलेले असू शकते.

भारतीय तर्कपरंपरेला ही अडचण चांगली ठाऊक होती. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. थकवा गेला, हे मला प्रत्यक्षाने कळते आणि त्यात मला कुणी खोटे पाडू शकत नाही. पण थकवा पॅचमुळे गेला, हे प्रत्यक्ष नाही. ते अनुमान आहे, आणि अनुमानाला नियम लागू होतात. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, अग्नीवरून धुराचे करता येत नाही, कारण धूर निघायला ओले सरपण लागते. अशा आड दडलेल्या अटीला नैयायिकांनी ‘उपाधी’ म्हटले, आणि उपाधी वगळल्याखेरीज दोन गोष्टींचा संबंध पक्का धरू नये, असा दंडक घातला. चरकसंहितेतही हाच वाद आहे. सूत्रस्थानात मैत्रेय शंका काढतो की, उपचार घेणारे काही रोगी दगावतात आणि न घेणारे काही बरे होतात, मग उपचाराला अर्थ काय? आत्रेय ही शंका झटकून टाकत नाहीत, युक्तिवादाने उत्तर देतात. आणि सिद्धिस्थानात तर स्पष्ट म्हटले आहे की, तर्काविना मिळालेले यश हे यदृच्छेने, म्हणजे योगायोगाने मिळालेले यश होय. रोगी बरा झाला तरी वैद्याने स्वतःला शाबासकी देण्याआधी कारण तपासावे, अशी ही कडक भूमिका आहे. पुरावा मागणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली सवय आहे, असे मानणाऱ्यांनी हे ग्रंथ आठवावेत.

आता पॅचच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद पाहू. त्वचेतून औषध आत जाते, हे खरे आहे. प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून स्कोपोलामिनच्या पॅचला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. निकोटिन आणि फेन्टॅनिल यांचे पॅचही जगभर वापरात आहेत. यवतमाळ जिल्ह्याला तर त्वचेचा हा दरवाजा फार क्रूरपणे कळला. २०१७च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना इथल्या शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचा जीव गेला. श्वासाबरोबरच भिजलेल्या कपड्यांतून, उघड्या हातापायांच्या त्वचेतूनही विष अंगात भिनते. मग जीवनसत्त्व का भिनू नये? उत्तर रेणूच्या आकारात आणि स्वभावात आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाहून पातळ असतो, पण मृत पेशी आणि स्निग्ध द्रव्य यांचा तो कोट सहजी भेदता येत नाही. लहान आणि स्निग्धात मिसळणारे रेणू त्यातून पार होतात. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठ्या रेणूंना तो अडवतो, असा त्वचाविज्ञानातला ढोबळ नियम आहे. निकोटिन १६२ डाल्टनचे, स्कोपोलामिन ३०३चे, फेन्टॅनिल ३३६चे. अनेक कीटकनाशकेही याच टप्प्यातली. बी-१२चा रेणू मात्र सुमारे १३५५ डाल्टनचा आहे, आणि तो पाण्यात विरघळणारा आहे. तेव्हा ‘त्वचेतून औषध जाते’ या सामान्य सत्यावरून ‘त्वचेतून बी-१२ पुरेसे जाते’ हा निष्कर्ष निघत नाही.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट जरा वेगळी आहे. तो रेणू ३८४ डाल्टनचा आणि स्निग्धात विरघळणारा आहे. शिवाय सूर्यकिरणांच्या साहाय्याने ते त्वचेतच तयार होते. म्हणून इथे पॅचबद्दल थोडी आशा बाळगण्यात गैर नाही. पण आशा आणि निकाल यांत अंतर असते. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात वर्षाअखेरीस गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा बहुजीवनसत्त्वी पॅच लावणाऱ्यांत कमतरता अधिक आढळल्या, ड जीवनसत्त्वाचीसुद्धा. एका छोट्या अभ्यासाने प्रश्न कायमचा मिटत नाही, हेही मान्य करायला हवे. उद्या सूक्ष्म सुयांचे किंवा आणखी वेगळ्या रचनेचे पॅच या कसोटीला उतरले, तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. आज मात्र पॅचचा भार दाव्यावर आहे आणि गोळीचा भार मोजमापावर. बी-१२ शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारे एक प्रथिन लागते आणि काही रोग्यांत तेच कमी पडते. तरीही मोठ्या मात्रेतला जवळपास एक टक्का भाग त्या प्रथिनाशिवायही शरीरात उतरतो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून १०च्या आसपास मिळतात, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते. ज्याला सुई नको आहे, त्याच्यासाठी वाट आधीच उपलब्ध आहे, आणि ती स्वस्तही आहे.

इथे कुणी म्हणेल, पॅचने अपाय तर होत नाही ना, मग एवढी चिकित्सा कशाला? माझ्या मते या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. पॅच स्वतः निरुपद्रवी असेलही, पण त्यामुळे मिळणारे समाधान तसे असेलच असे नाही. यकृतात साठलेले बी-१२ काही वर्षे पुरते, त्यामुळे कमतरता हळूहळू वाढते आणि लक्षणे मागे-पुढे होतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्ल दिले तर रक्तक्षय सुधारू शकतो, पण मज्जातंतूंची झीज चालूच राहते. रोग्याला तरतरी येते, रक्ताचे आकडे चांगले दिसतात, आणि पायांतली संवेदना मात्र कमी होत जाते. फार उशीर झाला तर ती पूर्णपणे परत येत नाही. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या फॉलिक आम्लाची आवश्यकता याने कमी होत नाही. बी-१२कडेही तितकेच लक्ष हवे, एवढेच यातून कळते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत जास्त आढळला. आईला काही जाणवो वा न जाणवो, परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकतो. ‘माझे शरीर, माझा अनुभव’ हे म्हणणे इथे अपुरे पडते.

दुसरा आक्षेप असा की, प्रस्थापित वैद्यक साध्या, घरगुती उपायांना नेहमीच नाक मुरडते. इतिहास मात्र वेगळे सांगतो, आणि तो इतिहास मुंबईतच घडला आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गरोदर कामगार स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या घातक रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्यांना गुण दिसला तो मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने, पावाला लावून खायच्या पदार्थाने. १९३१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. यीस्टचा अर्क हलका म्हणून नाकारला गेला नाही आणि डॉक्टरांनी सुचवला म्हणून स्वीकारलाही गेला नाही. रक्त तपासले, उपाय दिला, पुन्हा रक्त तपासले. प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. पॅचला नेमके हेच मागितले जात आहे, याहून काडीचेही जास्त नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो. विश्वासानेच माणूस निम्मा बरा होतो. तो विश्वास का काढून घ्यावा? डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज विचारवंताने १८७७ मध्ये मांडले की, अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे कुणालाही, कधीही योग्य नाही. १८९६ मध्ये विल्यम जेम्सने त्याला उत्तर दिले : जिथे निवड टाळता येत नाही आणि पुराव्याने ती ठरवताही येत नाही, तिथे हृदयाचा कौल घेण्याचा माणसाला अधिकार आहे. मला जेम्सचे म्हणणे पटते. ईश्वर, मैत्री, आयुष्याचा अर्थ यांबाबत आपण तसेच जगतो. पण त्याची अट इथे लागू होत नाही. बी-१२ वाढले की नाही, हे रक्ताच्या तपासणीने ठरवता येते, आणि जे तपासता येते ते न तपासता श्रद्धेच्या स्वाधीन करणे हा श्रद्धेचाही गैरवापर आहे. विश्वासाने वेदना हलकी होते, मन धीट होते, औषध नेटाने घेतले जाते. विश्वासाने रक्तात बी-१२ तयार होत नाही. याच वऱ्हाडच्या मातीतल्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार देण्याला देवाच्या सेवेचे स्थान दिले. त्यांची भक्ती माणसाला दवाखान्याकडे पाठवणारी होती, आणि म्हणून ती उणी ठरली नाही.

म्हणून ‘करून बघायला काय हरकत आहे?’ याला माझे उत्तर असे. पॅच लावण्यास बंदी असावी, असे मी म्हणत नाही. पण जो प्रयोग फसला असे कधीच म्हणता येणार नाही, तो प्रयोगच नव्हे. सुरुवातीला रक्त तपासावे, किती दिवसांनी पुन्हा तपासायचे ते ठरवावे, आणि पातळी वाढली नाही तर पॅच सोडून गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचे, हे आधीच कबूल करावे. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, गरोदरपण, लहान मूल यांपैकी काही असेल तर इतकी वाट पाहण्याचाही अधिकार आपल्याला नाही. तिथे सिद्ध झालेला उपचारच आधी घ्यावा. आणि दुसऱ्याला सल्ला देणाऱ्याची जबाबदारी तर दुप्पट आहे. पोडावरच्या बाईने वेचणीच्या मजुरीतून पैसे काढून आपल्या शब्दावर पॅच विकत घेतला, तर ती आपल्याला आप्त मानते, म्हणजे जो जाणतो आणि खरे सांगतो तो. ‘मला बरे वाटले’ एवढेच आपल्याला ठाऊक असेल, तर तिला तेवढेच सांगावे, आणि रक्त तपासून घे, हेही त्याच दमात सांगावे. आपला अनुभव खरा असतो, म्हणूनच त्याच्या नावावर तो सांगत नाही ते खपवण्याचा हक्क आपल्याला नाही.