तासांची वही

लालबागच्या एका चाळीत अमोल आणि वृषाली भाड्याने राहत होते. सोबत अमोलचे आईवडील आणि पहिलीतली मुलगी. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, संडास गॅलरीच्या टोकाला. अमोल फोर्टात नोकरीला, वृषाली परळच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये. मालकाला खोली आता मुलासाठी हवी होती. अकरा महिन्यांचा करार पुन्हा होणार नव्हता.

अमोलने बदलापूरला टू बीएचके पाहिला. किंमत 50 लाख. दहा लाख साठवलेले, चाळीस लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षं फेडायचं तर महिन्याचा हप्ता 34,700 रुपयांच्या आसपास. त्याने सगळा हिशोब वहीत मांडला आणि वडिलांपुढे ठेवला. "बाबा, ओढाताण होईल, पण जमेल. घर आपल्या नावावर होईल."

वडील जुने गिरणी कामगार. 1982 च्या संपात नोकरी गेली, तेव्हा पागडीची खोली विकून त्यांनी संसार चालवला होता. हक्काच्या छपराची किंमत त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी वही नीट वाचली. "पैशांचा हिशोब चोख आहे. आता तासांचा मांड. टोकन द्यायच्या आधी आठवडाभर तिथून कामाला जाऊन बघा."

बदलापूरला वृषालीची मावशी राहायची. मुलीला दिवाळीची सुट्टी लागताच सगळे तिच्याकडे गेले.

दोघं पहाटे सहाला घर सोडत. संध्याकाळी दादरला गाडीत पाय ठेवायलाच दोन गाड्या सोडाव्या लागत. घरी यायला रात्रीचे नऊ वाजत. मुलगी "आई आल्यावर दाखवते" म्हणून चित्रकलेची वही उघडी ठेवून बसायची आणि तशीच झोपून जायची.

अमोलच्या आईचा आठवडा मात्र वेगळाच गेला. चाळीत दिवेलागणीनंतर त्या पाणी पीत नसत. रात्री दुखऱ्या गुडघ्यांनी गॅलरीचं टोक गाठायला नको म्हणून. बदलापूरला संडास घरात होता, इमारतीला लिफ्ट होती. रात्री उशाशी तांब्या भरून ठेवून त्या पोटभर पाणी पीत.

रविवारी अमोलने दुसरा हिशोब मांडला. रोजचे चार तास प्रवासात, महिन्याचे पंचवीस दिवस. वर्षाचे बाराशे तास, म्हणजे पन्नास अख्खे दिवस आणि रात्री. कर्ज फिटेपर्यंत आयुष्यातले हजार दिवस गाडीत जाणार होते. तो म्हणाला, "नकोच बदलापूर. लालबागलाच दुसरी खोली बघू."

वृषालीने वही आपल्याकडे ओढली. "आईंचा तांब्याही यात लिहा. त्यांनी तहान मारून आपल्याला जवळचं घर दिलं, तेही मोलच आहे."

मग जागा बाजूला ठेवून त्यांनी आधी न सोडायच्या गोष्टी लिहिल्या. संडास घरात हवा. तळमजला किंवा लिफ्ट हवी. मुलगी जागी असताना दोघांपैकी एकाने तरी घरी पोचायला हवं. बाकी सगळ्यात तडजोड चालेल.

महिनाभर फिरल्यावर भांडुपला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर वन बीएचके मिळाला. भाडं 22,000. हॉल अरुंद, एका खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि करार संपला की भाडं वाढणार हेही ठरलेलं. पण वृषाली परळहून सातच्या आत घरी येऊ लागली. हप्ता आणि भाडं यांतला फरक, महिन्याचे 12,700 रुपये, पुढच्या घरासाठी वेगळ्या खात्यात जाऊ लागला. "घर सोडलं नाहीत, पुढे ढकललंत," एवढंच वडील म्हणाले.

दुसऱ्या कुटुंबाची यादी वेगळी असेल, आणि तिचं उत्तर बदलापूरही असू शकेल. ज्याची नोकरी कल्याण-अंबरनाथकडे आहे, त्याला तर तेच सुखाचं.

तात्पर्य : घराची किंमत पैशांत जशी मोजावी लागते, तशी घरातल्या प्रत्येकाच्या वेळेत आणि सोसण्यातही. ती सारी बेरीज झाल्याशिवाय कोणतंही घर स्वस्त किंवा महाग ठरवू नये.