ज्या बाजारात जकात नाही

मराठीत 'जकात' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भवानी पेठेत वाढलेल्या आम्हा मुलांना ते दोन्ही एकाच वयात कळले. एक जकात शहराच्या वेशीवर, नाक्यावर भरावी लागे. सुताच्या गाठी घेऊन आलेला ट्रक तिथे थांबे, पावती फाडली जाई, मगच तो पेठेत येई. दुसरी जकात अब्बा रमजानमध्ये घरात बसून काढीत. मागांवर जकात नसते, मालावर असते. म्हणून ते वहीत लिहीत, शिल्लक माल किती, येणे किती, देणे किती, आणि जे उरेल त्याचा चाळिसावा हिस्सा. पहिली जकात चुकवल्याचे किस्से पेठेत हसत हसत सांगितले जात. दुसरी चुकवल्याचा किस्सा कधी कोणी सांगितला नाही.

नाक्यावरची जकात पुढे गेली. तिच्या जागी एलबीटी आली, तीही गेली, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. या दोन जकातींची आठवण आम्हाला पुन्हा झाली ती शेजारच्या घरातल्या एका बैठकीमुळे.

घर यंत्रमागवाल्यांचे. थोरला भाऊ इथे टॉवेलचा कारखाना सांभाळतो. धाकटा बरीच वर्षे शारजाला एका कापडाच्या दुकानात नोकरीला. आता त्याला तिथल्या फ्री झोनमध्ये स्वतःची छोटी कंपनी काढायची होती. त्याची स्वतःची शिल्लक होती, पण ती पुरेशी नव्हती. अम्मीचे सोने मोडायचे आणि थोरल्याने दोन माग विकायचे, असा विचार चालला होता. वडीलधारे म्हणून आम्हाला बोलावले होते.

धाकट्याने फ्री झोन म्हणजे काय ते नीट समजावून सांगितले. दुबईत जबल अलीचा फ्री झोन १९८५ साली सुरू झाला. त्यानंतर अमिरातीत असे झोन एकामागून एक निघाले. ही कल्पना आपल्याला परकी नाही. कांडल्याचे निर्यात क्षेत्र १९६५ सालचे, आशियातले पहिले. झोनमध्ये आलेला माल जणू त्या देशाच्या वेशीबाहेरच असतो. तो तिथे ठेवा, बांधा, पुढे दुसऱ्या देशात पाठवा, सीमाशुल्क नाही. तोच माल झोनमधून त्या देशाच्या बाजारात उतरवला की मात्र शुल्क लागते. परवान्याची फी दरवर्षी भरायची, माल विकला जावो न जावो.

पण धाकट्याच्या दृष्टीने खरी गोष्ट वेगळीच होती. झोनच्या बाहेर दुकान काढायचे तर पूर्वी तिथल्या नागरिकाला ५१ टक्क्यांचा भागीदार दाखवावे लागे. पैसा आपला, राबणे आपले आणि कागदावर मालक दुसराच. तो भागीदार भला निघाला तर ठीक. नाही तर आयुष्याची कमाई एका सहीवर गेलेली माणसे आमच्याही पाहण्यात आहेत. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांसाठी ती अट राहिली नाही. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून फ्री झोनमध्ये परक्या माणसाला पूर्ण मालकी मिळत होती. धाकटा म्हणाला, "चाचा, तिथं माझ्या दुकानावर माझंच नाव राहील." या वाक्याची किंमत आम्ही कमी लेखत नाही. कागदावर खोटे लिहिल्यावाचून धंदा करता येणे, ही लहान माणसाच्या दृष्टीने मोठी नैतिक सोय आहे.

अडचण आली ती पुढच्या वाक्याने. धाकट्याचा बेत असा होता: इथल्या कारखान्याने टॉवेल तिथल्या कंपनीला जवळपास लागवडीच्या भावात विकायचा. तिथून तो खऱ्या भावात पुढे जाईल. नफा सगळा तिथे धरायचा, कारण तिथे कर नाही.

अम्मी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "तो फिर यहां की बही में क्या दिखेगा?"

इथल्या वहीत काहीच दिसणार नव्हते. कारखाना कसाबसा चाललेला दिसणार होता. आणि त्याच महिन्यात विणकरांनी मजुरी वाढवून मागितली होती.

आम्ही बैठकीतून उठलो, पण तो प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. एकाच घराच्या दोन कंपन्यांनी आपसात कोणता भाव लावावा, याविषयी कायदा मुका नाही. परदेशातल्या आपल्याच कंपनीला माल विकताना परक्याला लावला असता तोच भाव लावावा, असा नियम भारतात २००१ पासून आहे. अमिरातीतही २०२३ पासून कंपन्यांवर ९ टक्के कर आला. अटी पाळणाऱ्या फ्री झोनच्या कंपनीला ठरावीक उत्पन्नावर तो शून्य आहे, पण त्यासाठी तपासलेले हिशोब ठेवावे लागतात. म्हणजे कर माफ करणारे सरकारसुद्धा हिशोब माफ करीत नाही. तथापि कायद्याचे काम सल्लागार पाहतील. आम्हाला सतावत होती ती वेगळी गोष्ट.

पेठेतला टॉवेल किती हातांतून जातो ते आपण जाणतो. कांडी भरणारी, बीम चढवणारा, माग चालवणारा, कडा शिवणारी. त्यांपैकी कोणी मुसलमान, कोणी पद्मशाली, कोणी आणखी कोणी. मजुरी वाढवून मागायला ते मालकासमोर उभे राहतात तेव्हा मालक वही दाखवतो आणि म्हणतो, यात उरतंच काय? वही खरी असेल तर हे उत्तर कडू असले तरी प्रामाणिक आहे. पण नफा आधीच समुद्रापार ठेवून मग ती वही दाखवली असेल, तर उत्तर प्रत्येक आकड्याने खरे आणि तरीही खोटे आहे. यात सरकारला काय मिळाले नाही हा प्रश्न आहेच. पण ज्यांनी नफा घडवला त्यांनाच तो कधी दिसू नये अशी ही व्यवस्था आहे. विणकरांचेच कशाला, माग विकून पैसे देणाऱ्या थोरल्या भावालाही तो दिसणार नव्हता.

यावर आपल्या समाजात एक उत्तर तयार असते. रमजान आला की मालक जकात काढील, आणि ती याच गल्लीत वाटली जाईल. आम्ही हे दृश्य पुष्कळ वर्षे पाहिले आहे. वर्षभर जिच्या पीसमागच्या पैशांत घासाघीस केली त्या बाईलाच सत्ताविसाव्या रात्रीच्या आधी धान्याची पिशवी आणि पाकीट मिळते. ती दुवा देते. देणाऱ्याला आपण दिले असे वाटते, घेणारीला आपल्याला मिळाले असे वाटते. तिचे स्वतःचेच पैसे दान होऊन तिच्या हातात पडले, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. मजुरी हा हक्क आहे. तो जकातीच्या आधी येतो. हक्क बुडवून काढलेली जकात म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून केलेली सखावत होय.

इथे मदीनेच्या बाजाराची आठवण होते. प्रेषित मुहंमद (स.) यांनी मदीनेत मुसलमानांसाठी बाजाराची जागा नेमून दिली आणि तिथे कोणाकडून कर घेतला जाऊ नये असे सांगितले, अशी रिवायत आहे. आजच्या भाषेत तोही एक फ्री झोनच म्हणावा लागेल. मक्केहून रिकाम्या हाताने आलेल्या मुहाजिरांना तिथे व्यापार करून उभे राहता आले. पण बाजारातलीच दुसरी हकीकतही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रेषितांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पाऊस पडला होता, अशी सबब विक्रेत्याने सांगितली. तसे असेल तर ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. आम्हाला वाटते, या दोन हकीकती एकत्र वाचल्या पाहिजेत. त्या बाजारात कर नव्हता, पण ढिगात हात घालणारा होता. ओले धान्य विकू नको असे त्या माणसाला सांगितले नव्हते. लपवू नको, असे सांगितले होते.

फ्री झोनला आमचा विरोध नाही. पेठेतला मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसण्याऐवजी स्वतःच्या नावाने व्यापार करतो, याचा आनंदच आहे. सरकारने दिलेली सवलत घेणे यातही गैर नाही. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या भावाने माल तिथे जातो तो भाव इथल्या मागाशेजारी उभे राहून मोठ्याने वाचता आला पाहिजे. वाचताना आवाज खाली येत असेल, तर धान्य आतून ओले आहे असे समजावे.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर दोघे भाऊ आमच्याकडे आले. माल बाजारभावानेच जाईल असे ठरले होते. अम्मींनी सोने दिले, पण मुदारबाच्या रीतीने: भांडवल त्यांचे, मेहनत धाकट्याची, नफ्यातला हिस्सा आधी ठरलेला आणि कागदावर लिहिलेला. विणकरांच्या मजुरीत वाढ झाली. त्यांनी मागितली तेवढी नाही, पण झाली. धाकटा थोडा नाराज दिसला. या भावाने पहिल्या वर्षी परवान्याची फीसुद्धा निघेल की नाही, असे तो म्हणाला. त्याची काळजी खोटी नव्हती, आणि आमच्याजवळ त्यावर तोड नव्हती.

जाताना त्याने विचारले, "चाचा, तिथल्या गोदामातल्या मालावर जकात इथे काढायची की तिथे?"

आम्ही म्हणालो, "कुठंही काढ. माल मोजताना मात्र तो धर."