भाड्याचे घर सोडताना

स्वतःचे घर होणार या हर्षात कित्येकजण घरमालकास कळविण्याचे लांबवितात. अनामत आहेच म्हणून शेवटचे भाडेही बुडवितात. हा व्यवहार नव्हे, लोभ होय. वेगळा करार नसल्यास 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 106 वे कलम मासिक भाडेकरूकडून 15 दिवसांच्या लेखी सूचनेची अपेक्षा करते. घाईही नको, नुसत्या विक्रीकराराने घर आपले होत नाही. खरेदीखत नोंदेपर्यंत मुलाबाळांचे छप्पर सोडू नये. परंतु बेत मालकाच्या कानी आधीच घालावा, त्यालाही संसार आहे.

गीतेच्या 12 व्या अध्यायात भक्ताला ‘अनिकेत’ म्हटले आहे. घरात राहूनही ‘माझे’ न म्हणणारा, असा त्याचा भाव. भाडेकरूला हा अभ्यास अनायासे घडलेला असतो!

किल्ली देण्यापूर्वी देवघराचा कोनाडा स्वच्छ पुसावा; तेथे आता दुसऱ्याचे देव येतील.