गावाची वही, देशाचा आराखडा

निसर्ग राखायचा म्हणजे त्याभोवती कुंपण घालायचे, असे आपण बराच काळ मानत आलो. 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1973चा व्याघ्र प्रकल्प याच समजुतीतून आले. त्यामुळे वाघ तगला, हे मान्यच करायला हवे. पण शेतातली वाणे, ओढ्यातले मासे, देवराईतली झाडे कुंपणाबाहेरच राहिली.

1992च्या रिओ परिषदेत जैवविविधता करार पुढे आला आणि विचाराला वळण मिळाले. जैवसंपदा ही जगाची फुकटची ठेव नाही, तिच्यावर त्या त्या देशाचा हक्क आहे, हे मान्य झाले. तरी 1997मध्ये हळदीचे अमेरिकेतील पेटंट रद्द करवून घेताना भारताला जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुरावा म्हणून मांडावे लागले. घरोघरच्या आजीला ठाऊक असलेली गोष्टही कुठेतरी लिहिलेली लागते, हे तेव्हा उमगले.

पण देशाचा हक्क म्हणजे नेमका कोणाचा? 2000 साली केंद्राने जैवविविधतेच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचे काम हाती घेतले, तेव्हा हा प्रश्न थेट लोकांपुढे गेला. समन्वय पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ या संस्थेकडे होता. हजारो माणसे बोलती झाली. आताच्या तेलंगणातील जहिराबाद भागातल्या शेतकरी बायकांनी तर बैलगाड्यांत बियाणे मांडून गावोगाव जत्रा नेली. तो मसुदा सरकारने स्वीकारला नाही. 2008मध्ये अधिकृत आराखडा आला, तो वेगळा.

तरीही लोकांचा धागा तुटला नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी रुजवलेली लोक जैवविविधता नोंदवहीची कल्पना 2002च्या जैवविविधता कायद्याखालच्या नियमांत आली. गावाने समिती नेमावी आणि आपली संपदा आपणच लिहावी, अशी ही साधी योजना. 2016पर्यंत देशभरात दीड हजारही वह्या नव्हत्या. हरित न्यायाधिकरणाने दंडाचा इशारा दिला आणि त्या भराभर भरल्या गेल्या. आज समित्यांची संख्याच अडीच लाखांवर आहे. पण धाकाने भरलेल्या वहीत गाव किती उतरले असेल?

2024मध्ये सुधारित आराखडा आला. त्यात 2030पर्यंत गाठायची 23 राष्ट्रीय उद्दिष्टे आहेत. त्यांचा आढावा घेताना समित्या किती, वह्या किती, एवढेच मोजले, तर आपण पुन्हा कुंपणच मोजत बसू. खाणीला किंवा रस्त्याला परवानगी देण्यापूर्वी त्या गावाची वही कोणी उघडली का, तिच्यातल्या वाणांपैकी किती अजून पेरली जातात, हे विचारले तरच तो आढावा खरा.

ही विचारणा दिल्लीपासून सुरू होण्याची वाट पाहू नका. येत्या ग्रामसभेत आपल्या गावाची वही मागा, मोठ्याने वाचून घ्या आणि राहिलेली नावे जाणत्यांकडून लिहवून घ्या.