विद्येचे ऋण कोणाचे?

विद्येसाठी कर्ज देताना पित्याची मिळकत पाहावी काय, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो न्यायाचा आहे. २०२४ च्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर निवडक संस्थांतील विद्यार्थ्याला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होईपर्यंत, व्याजात ३ टक्के सवलत मिळते. सार्वजनिक द्रव्य मर्यादित असते. ते आधी गरजूकडे वळावे, हे योग्यच होय.

परंतु घरात पैसा असणे आणि तो मुलीच्या शिक्षणासाठी मोकळा होणे, या भिन्न गोष्टी आहेत. संपन्न पित्याच्या मनात मुलीला पुढे शिकवावयाचे नसेल, तर त्याच्याच उत्पन्नाचा दाखला तिची वाट अडवितो. पित्याचे कर्ज फेडणे हे आपल्या धर्मशास्त्राने पुत्राचे कर्तव्य मानले होते. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने, त्यानंतरच्या कर्जाबाबत, केवळ त्या कर्तव्याच्या आधारे पुत्राकडून वसुली करण्यास मनाई केली. पित्याचे ऋण पुत्राचे नव्हे, हे आपण मान्य केले. मग पित्याची सुबत्ता मात्र अपत्याच्या हाती आहेच, असे का गृहीत धरावे?

आपल्या बडोद्याचेच उदाहरण पाहा. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. वडील रामजी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तले होते. अट एकच, शिक्षणानंतर १० वर्षे संस्थानची नोकरी. तारण होते ते विद्यार्थ्याच्या भावी श्रमाचे. १९१७ साली तो करार पाळण्यास ते येथे आले. पण अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी जागा देईना, पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. ऋणको फेडावयास सिद्ध होता. फेडीचा मार्ग समाजाने बंद केला.

यावरून दिसते की, कर्जाचा न्याय देण्याच्या दिवशी संपत नाही. देताना घराची गरज अवश्य पाहावी, पण घर पाठीशी आहे की नाही, हेही विद्यार्थ्यास विचारावे. हप्ता ठरविताना त्याची स्वतःची कमाई पाहावी. देवस्थानांच्या व ज्ञातिसंस्थांच्या विद्यानिधींनीही हा विचार करावा. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, असे आपण मानतो. ते फेडू इच्छिणारे मूल केवळ पित्याच्या दाखल्यामुळे दारातून परत जाऊ नये.