मानेवरचा मळ

भाचीने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या डब्यातल्या पाकिटाशेजारी ठेवलं. दोन्हींवर एकच नाव, एकच आकडा. मेटफॉर्मिन, 500 मिलिग्रॅम. माझं निम्मं संपलेलं, गोळ्या काढल्या तिथे चांदी फाटलेली. तिचं कोरं. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी लिहून दिलेलं, पण एकही गोळी फोडलेली नाही.

"मावशी, तुला शुगर आहे म्हणून तू घेतेस. मला शुगर नाही. मी का घ्यायची?"

ती सव्वीस वर्षांची. तिचं गाव आंबेगावात, घोडेगावच्या अलीकडे. माझं जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पुढे. दोन्ही गावं कुकडी प्रकल्पाच्याच पाण्यावर जगतात. ती मंचरला नोकरी करते आणि मनात काही साचलं की रविवारी माझ्याकडे येते. पाळी वर्षातून तीन-चार वेळा. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, पीसीओएस असं नाव मिळालं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी ही तपासणी 6.1 आली. 6.5 पासून पुढे मधुमेह म्हणतात, 5.7 पासून 6.4 पर्यंत उंबरठा. ती उंबरठ्यावर.

"आतला कागद वाचला मी," ती म्हणाली. "टाइप 2 मधुमेहासाठी, एवढंच लिहिलंय. माझ्या आजाराचं नावसुद्धा नाही त्यात."

तिचं खरं होतं. बऱ्याच देशांत या गोळीचा परवाना मधुमेहापुरताच आहे. पीसीओएससाठी डॉक्टर ती देतात ते अभ्यासांच्या आणि अनुभवाच्या आधारावर. मी तिला विचारलं, "तू वडिलांबरोबर दारं धरलीस ना?"

"दहावीपर्यंत धरली."

"वाफ्यात पाणी मुरेना तर काय करायचीस?"

"पाणी वाढवायचे."

"मग?"

"बांध फुटायचा. शेजारच्या वाफ्यात शिरायचं."

"तसंच धर. स्नायूंच्या आणि लिव्हरच्या वाफ्यात इन्शुलिन नीट मुरत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्तीचं सोडतंय. त्या जोरावर साखर अजून बरीचशी आवरलेली आहे. पण बीजांडकोशाला हे जास्तीचं इन्शुलिन पुरेपूर पोचतं. तो पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लागतो. हनुवटीचे केस त्यातूनच. बीज पिकून सुटत नाही आणि पाळी लांबते तेही बरंचसं त्यातूनच."

"पण मी जाडी कुठे आहे? अठ्ठावन्न किलो."

या प्रश्नावर पुण्यातच मोठं काम झालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी दिसत, पण चरबी त्या मानाने फारशी घटलेली नसे. घटलेले असत ते स्नायू. पुढे 2004 साली लॅन्सेटमध्ये याज्ञिकांचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. काटा दोघांबद्दल एकच बोलत होता. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. तिचं मनगट माझ्या मनगटाच्या निम्मं आहे.

"आणि हे?" तिने वेणी बाजूला केली.

मानेच्या मागे काळसर, जाडसर वळी. हात लावला तर मखमलीसारखी लागते.

"तेही इन्शुलिनमुळेच. कातडीलाही ते जास्तीचं पोचतं."

ती बराच वेळ गप्प बसली. आठवीत असल्यापासून दर रविवारी न्हाणीत तिची आई ती मान घासायची. आधी डाळीचं पीठ आणि साय, मग लिंबाची फोड, मग भांड्यांचा काथ्या. मान लाल व्हायची, सोलवटायची, खपली पडली की पुन्हा काळी. पाहुण्यांसमोर आई म्हणायची, हिला नीट आंघोळ करायला सांगा. लग्नाकार्यात भाची केस मोकळे सोडायची, तेही ओरडा खाऊन. मीही एकदा तिला पिठाचा लेप करून दिला होता. आज मला त्याची लाज वाटते.

"म्हणजे मळ नव्हताच तो," ती म्हणाली. "मग मला सांग, मी आजारी कधीपासून? मान काळी झाली तेव्हापासून, सोनोग्राफीपासून, की पहिली गोळी गिळेन त्या दिवसापासून?"

"मान काळी झाली तेव्हापासून, किंवा त्याच्याही आधीपासून."

"तुझ्यासाठी. बाकी सगळ्यांसाठी गोळीपासून. चाकणच्या कंपनीतलं स्थळ आलंय. आई म्हणते, पाळीचं सांगू नको, ते सगळ्याच पोरींना असतं. पण शुगरची गोळी खाताना कोणी बघितलं तर संपलं. मावशी, गोळी घेतली नाही तर सांगायलाही काही नाही आणि लपवायलाही काही नाही. घेतली की त्याच दिवसापासून मी एकतर खोटं बोलणारी, नाहीतर शुगरवाली."

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण तिचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं. रिपोर्ट कपाटात राहतो. गोळी रोज दोन वेळा चारचौघांत ताटाशेजारी येते.

"रिपोर्ट तू वाचलायस," मी म्हटलं. "6.1 हा आकडा तुला माहीत आहे. लपवणं तेव्हाच सुरू झालं. गोळीने त्यात भर काय पडली?"

"मला माहीत असणं आणि दुसऱ्याला दिसणं यात फरक आहे."

"आहे. पण दिसू नये म्हणून अंगाला किती वर्षं थांबायला सांगणार?"

मग मी माझं सांगितलं. मला शुगर निघाली तेव्हा मी दोन वर्षं गोळी टाळली. मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस. एकदा लागली की कायमची, असं शेजारणीने सांगितलेलं. दोन वर्षांनी तळपाय बधिर झाले. चपला पायातून निघाल्या तरी कळेना.

"बघ, आता ती कायमचीच झाली ना?" भाचीने बरोबर तिथेच धरलं.

"झाली. गोळीची सवय लागत नाही, पण सोडली की तिचं काम थांबतं आणि आतली खोड तशीच असते. माझी तर कायमची. तुझीही कदाचित खूप वर्षं."

इथे मी हरले आणि ते मला मान्य आहे. थोडे दिवस घे, मग बंद होईल, असं लाडीगोडीने सांगणारे पुष्कळ भेटतात. पोरीला ते सांगणं मला फसवणं वाटतं.

"आणि तुझे पाय? गोळीने बिघडले नाहीत ना?"

"बिघडले ते गोळीच्या आधीच. शुगरने, की बी12 कमी होतं म्हणून, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दोन्ही असेल म्हणाले. मी माळकरी, अंडं-मटण नाही, दूध तेवढं. आणि ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी12 आणखी उतरू शकतं. म्हणून सुरू करण्याआधी तू बी12 तपासून घे, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघ, आणि पुढेही अधूनमधून बी12 बघत राहा. सुरुवातीला पोट बिघडेल, मळमळेल. म्हणून जेवणाबरोबर, रात्रीची एकच, मग डॉक्टर सांगतील तसं वाढवायचं. आणि एक ऐक. हनुवटीच्या केसांना हिचा फार उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळे उपाय असतात."

"मग आधी चालून बघते. डॉक्टर म्हणालेच, रोज पहाटे पाऊण तास चाला."

आम्ही दोघींनी एकदमच ओट्यावरून समोर बघितलं. कालव्याचा रस्ता, दोन्ही बाजूंनी डोक्यापेक्षा उंच ऊस. आमच्या भागात बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. पकडलेले, जखमी झालेले बिबटे माणिकडोहच्या केंद्रात ठेवतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाईमाणूस एकटं असल्या रस्त्याला जात नाही, तिच्या गावीही नाही. दिवसा ती मंचरला, संध्याकाळी एसटी, घरी येईतो अंधार. तिने चालायचं कधी?

जीवनशैली बदला, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं चूक नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, 2002 साली छापून आला. खाणं आणि व्यायाम सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनवाल्यांत 31 टक्क्यांनी. 2006 साली आपल्या चेन्नईतला अभ्यास आला. तिथे चालणं-खाणं सुधारून 28.5 टक्के, गोळीने 26.4, दोन्ही एकत्र करून 28.2. आपल्या लोकांत दोन्ही जवळपास सारखंच उतरलं. हे अभ्यास पीसीओएसवरचे नाहीत, तरी तिच्या उंबरठ्याशी त्यांचा संबंध आहे. मला त्यातून एवढंच दिसतं, की जिला रस्ता नाही तिने गोळी घेतली म्हणजे ती इच्छाशक्तीत कमी पडली, असं कोणी म्हणू नये. ती घरात दोरीच्या उड्या मारेल, भातापेक्षा डाळ-उसळ जास्त खाईल, जमेल ते करेल. रस्ता मोकळा करणं तिच्या हातात नाही.

"आई म्हणते, रसायन पोटात घालण्यापेक्षा झाडपाला बरा." तिची आई भीमाशंकरकडची, हिरडा वेचून वाढलेली. जंगलातलं ते गुणाचं, ही तिची श्रद्धा आणि तिला आधार आहे.

"या गोळीचं मूळही झाडातच आहे," मी म्हटलं. युरोपात गालेगा नावाचं जांभळ्या फुलांचं रोप उगवतं. त्यातल्या द्रव्याने साखर उतरते, पण ते द्रव्य विषारी. त्याच्याच जातीतलं मेटफॉर्मिन 1922 साली डब्लिनमध्ये प्रयोगशाळेत बनलं आणि 1957 साली पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी ते मधुमेही माणसांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. झाडातलं गुणाचं तेवढं घ्यायला आणि विष टाळायला माणसांना इतकी वर्षं लागली.

तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता वळली. आणि तिथेच मी चुकले. म्हटलं, "आणि बाळा, पाळी सुधारली की पुढे मूल व्हायलाही सोपं जातं."

तिने पाकीट उचललं. "तूही तेच."

"काय तेच?"

"डॉक्टरांनी पहिलं वाक्य तेच म्हटलं, लग्न झाल्यावर त्रास होईल. आईला स्थळाची काळजी. तुला नातवंडाची. माझा आजार सगळ्यांना माझ्या लग्नापासूनच दिसतो. बारा वर्षं माझी मान सोलली. ती माझीच मान होती. मूल मला हवं का, हे मला अजून माहीत नाही. समजा नकोच, तर मग ही गोळी नको?"

मला उत्तर सुचायला वेळ लागला. ओट्यासमोरून टोमॅटोच्या क्रेट भरलेला टेम्पो गेला, धूळ खाली बसली.

"तरीही हवी," मी म्हटलं. "लिव्हर तुझं. उंबरठा तुझा. चाळिशीत तळपाय बधिर होऊ नयेत ते तुझेच. मूल व्हायचं असेल तर होईल. पाळी नाही म्हणून दिवस राहणार नाहीत, असं मात्र ही गोळी सुरू केल्यावर धरून चालू नकोस, एवढं मी तुला बाई म्हणून सांगते."

"हे आधी सांगायचं होतंस."

"हो."

"आणि स्थळाला?"

"ते तू ठरव. मी असते तर दुसऱ्या भेटीत पाकीट समोर ठेवलं असतं. पण मी आज म्हातारी आहे, असं बोलणं मला सोपं आहे."

ती बघते म्हणाली. उद्या मंचरला रक्त द्यायचं, रिपोर्ट आला की डॉक्टरांना दाखवून त्याच रात्रीपासून सुरू करायचं, एवढं तिने स्वतःच ठरवलं. पाकीट पर्समध्ये ठेवलं, मग काढून वरच्या कप्प्यात ठेवलं, जिथे एसटीचा पास असतो.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. निघालीस का, अंधार पडायच्या आत बस धर, बुधवारी ते लोक येणार आहेत, मान घासून देते, साय काढून ठेवलीये. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई," भाची म्हणाली, "साय खाऊन टाक. मान आता घासायची नाही. तो मळ नाहीये. कधीच नव्हता."

पलीकडे कोणी काही बोललं नाही. मग आईने हळूच विचारलं, "मग काय आहे ते?"

भाची ओट्याच्या कडेला बसली, वेणी पुढे घेतली आणि सांगायला लागली. दारं धरण्यापासून.